डब्लिनहून पत्र: पखवाज विकू नका

डब्लिन,
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, पिंट्याला अनेक आशीर्वाद.

फराळाचा डबा पोचला. दिवाळी होऊन गेल्यावर पोचला, पण पोचला. चकल्या निम्म्या मोडल्यात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, दह्यात घालून खातेय. शेंगाचटणी मात्र तीन पिशव्यांत बांधल्यामुळे जशीच्या तशी आहे. आईच्या गाठी सोडवायलाच अर्धा तास गेला.

आता जे सांगणार आहे ते भजनाचं आणि बाबांच्या पखवाजाचं आहे. ते फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा "बरं बरं, बरंय, घे आईशी बोल" म्हणतात आणि विषय संपतो. म्हणून लिहून काढतेय. बाबांनी हे चष्मा लावून सावकाश वाचायचं. आणि आई, पुढे पब हा शब्द येणार आहे. तो आला की लगेच देवापुढे हात जोडून बसू नकोस. मी संत्र्याचं सरबत प्याले, दोन ग्लास, बस्स. आणि इथे २००४ सालापासून पबमध्ये आत सिगारेट ओढायला बंदी आहे, त्यामुळे धूरबीर काही नाही. झालं समाधान? आता ऐका.

काल शुक्रवार. कामावरून सुटून घरी निघाले होते. इथे घड्याळं एक तास मागे गेलीत, पाच वाजता अंधार पडतो आणि पाऊस तर विचारूच नका. हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या, दुपारच्या सुट्टीत भारतीय दुकानात जाऊन आणलेल्या. तेवढ्यात आमच्या लॅबमधल्या मोठ्या बाई मागून हाका मारत आल्या. त्या इथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लेअर परगण्यातल्या, साठीला टेकलेल्या, बोलायला एकदम फटकळ. त्यांच्या बहिणीला ताप भरला होता आणि नॅशनल कॉन्सर्ट हॉलचं एक तिकीट मोकळं होतं. मी म्हटलं, अहो, कपडे हे असले, बूट ओले, हातात भाजी. तर म्हणतात, "भाजीला तिकीट लागत नाही." झालं. गेले.

हॉलची थोडी माहिती, कारण बाबांना असल्या गोष्टी लागतात. १८६५ साली इथे एक मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं, त्या जागी हा हॉल आहे. मध्ये बरीच वर्षं तिथे विद्यापीठ होतं, आणि १९८१ पासून गाण्याबजावण्याला दिलाय. इंग्रजांबरोबर केलेल्या तहावर इथल्या पुढाऱ्यांची १९२१ च्या डिसेंबरात आणि पुढे १९२२ च्या जानेवारीत जी वादावादी झाली, ती याच इमारतीत. म्हणजे आपल्या सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या आठ-नऊ वर्षं आधी. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांचं मी बाईंना सांगितलं, तर त्या पायऱ्यांवर उभ्या राहूनच ऐकत बसल्या. मागची माणसं खोळंबली.

आत कोट ठेवून घ्यायला खिडकी असते. तिथल्या पोराने कोट घेतला, छत्री घेतली आणि मेथीची पिशवी दोन बोटांत धरून विचारलं, हे काय? बाईंनी सांगून टाकलं, "औषध आहे." मग मेथीलाही बिल्ला मिळाला.

स्टेजवर तिघंच होते. एक हार्प (उभ्या तारांचं वाद्य) वाजवणारी तरुण मुलगी, एक काँसर्टिनावाला (म्हणजे छोटी हातपेटी वाजवणारा) आणि एक पाइप, म्हणजे इथला मशकीचा बाजा, वाजवणारा. पिंट्याला मागच्या खेपेला मी युरोचं नाणं दिलं होतं ना, त्याच्या मागच्या बाजूला कोरलीय तीच हार्प. या देशाची ती खूणच आहे, पासपोर्टवरसुद्धा तीच. त्या मुलीने वाजवता वाजवता एक गोष्ट सांगितली. १७९२ साली बेलफास्टमध्ये हार्पवाले गोळा केले होते, तेव्हा सगळ्या देशातून जेमतेम दहा मिळाले. त्यांतले बरेच आंधळे. नव्वदी ओलांडलेला एक म्हातारा होता, आणि नखं वाढवून धातूच्या तारा छेडायची जुनी रीत त्या एकट्यालाच येत होती. बाकी सगळे बोटांच्या टोकांनी वाजवणारे. एकोणीस वर्षांच्या एका पोराला त्यांच्याकडच्या चाली उतरवून घ्यायला बसवलं होतं. त्याने त्या कागदावर घेतल्या म्हणून आज ही मुलगी त्या वाजवू शकते. मग तिने कॅरोलनची एक रचना वाजवली. हा कॅरोलन अठराव्या वर्षी देवीच्या साथीत आंधळा झाला, आणि पुढे १७३८ साली मरेपर्यंत घोड्यावर बसून गावोगाव हिंडत चाली बांधत राहिला. इथे युरो यायच्या आधी पन्नासच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. नोटेवर वाजवणारा माणूस! मला ते लई आवडलं.

पण खरं सांगू का, माझं सगळं लक्ष पाइपवाल्याकडे. ही स्कॉटलंडची तोंडाने फुंकायची मशकबाजा नव्हे. याच्या उजव्या कोपराला एक भाता बांधलेला असतो, लोहाराच्या भात्याचा बुटका भाऊ म्हणा, आणि डाव्या काखेत कातड्याची पिशवी. उजवं कोपर हलवून हवा भरायची, डाव्या कोपराने पिशवी दाबून ती सोडायची, आणि मधल्या मध्ये दोन्ही हातांची बोटं सनईसारख्या नळीवर चालवायची. मांडीवर आडव्या तीन नळ्या, त्या एकच सूर धरून ठेवतात. त्यांच्या शेजारी आणखी तीन नळ्यांवर पितळी चाव्या. त्या तो मनगटाने, हाताच्या खालच्या कडेने दाबतो, बोटं वर कामात असताना! उजव्या मांडीवर चामड्याचा एक तुकडा बांधलेला. सूर एकदम तोडायचा झाला की नळीचं तोंड त्या चामड्यावर दाबायचं. माणूस खुर्चीवर शांत बसलेला दिसतो, पण कोपरं, मनगटं, बोटं, मांडी, सगळं राबतंय. तोंड मोकळं असतं, त्यामुळे मधूनच शेजारच्याशी बोलतोही. इथे म्हणतात की पाइपवाला तयार व्हायला एकवीस वर्षं लागतात: सात शिकायची, सात रियाजाची आणि सात वाजवायची. बाबा, तुमचे गुरुजी बारा म्हणायचे ना?

पहिला अर्धा भाग माझ्या डोक्यावरून गेला, खोटं कशाला सांगू. सगळ्या चाली सारख्याच वाटत होत्या. खुर्च्या मऊ, दिवे मंद, माणसं खोकलासुद्धा गिळत होती. दोनदा डोळा लागला. कार्यक्रम चांगला होता, पण आपण तिकिटाचे, ते स्टेजचे. टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचं.

तसं झालं नाही, कारण काँसर्टिनावाला बाईंच्या गावचा निघाला. त्याच्या आईच्या हाताखाली बाई शाळेत शिकलेल्या. बाहेर पडताना तो समोरच आला, दोघांनी मिठ्या मारल्या, कोणाच्या घरी कोण वारलं याची चौकशी झाली (हे अगदी आपल्यासारखं), आणि मग तो मला म्हणाला, "तू झोपली होतीस. मला दिसत होतं." मी लाजले. तो म्हणाला, "मलाही तिथे झोप येते. चल, आता वाजवायला जाऊ."

ट्रामने, मध्ये एकदा बदलून, स्मिथफील्डला गेलो. तिथे कॉबलस्टोन नावाचा पब आहे. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की हा दारू पिण्याचा पब आहे, फक्त याला संगीताची व्याधी जडलीय. दारातून आत शिरल्याबरोबर डाव्या-उजव्या कोपऱ्यात काय असतं ते बघायच्या आधीच आवाज येऊन अंगावर आपटतो. माईक नाही, स्टेज नाही. बाकडी आणि बुटके स्टूल गोल मांडलेले, मध्ये ग्लासांनी भरलेलं टेबल, आणि गोलात तोंडं आतल्या बाजूला करून माणसं वाजवतायत. म्हणजे ऐकणाऱ्यांकडे चक्क पाठ!

बाईंनी आधीच बजावलं, त्या गोलातल्या रिकाम्या स्टुलावर बसायचं नाही, ती वाजवणाऱ्यांची जागा. मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले. थोड्या वेळाने कोणीतरी सरकून बाकाच्या टोकाला जागा करून दिली. कोण होते म्हणाल तर व्हायोलिन घेतलेल्या एक आजी, ज्यांचे हात थोडे थरथरत होते पण गज ठेवला की थरथर थांबायची. कॉलेजातला एक पोरगा, पत्र्याची बासरी घेतलेला. लाकडी मोठी बासरी वाजवणारी एक शिक्षिका. आमचा काँसर्टिनावाला. ही काँसर्टिना म्हणजे हातात मावणारी सहा कोनांची पेटी. दोन्ही बाजूंना बटणं, आणि एकच बटण भाता ओढताना एक सूर देतं, दाबताना दुसरा. आपल्या पेटीवाल्या काकांना सांगितलं तर ते म्हणतील, हा काय वेडेपणा. पाइपवालाही मागून आला, सूट काढून स्वेटर घालून. आणि एक बोराँवाले आजोबा, निवृत्त बस ड्रायव्हर.

बोराँ म्हणजे बघा, आपल्या हलगीच्या जातीचं वाद्य. लाकडाचं गोल कडं, एका बाजूला बकऱ्याचं कातडं. पण हलगी दोन काठ्यांनी वाजते, हे एकाच आखूड दांडीने. दांडीची दोन्ही टोकं वापरतात, आणि दुसरा हात आतल्या बाजूने कातड्यावर फिरवत राहतात, त्याने आवाज खालीवर होतो. तुम्ही पखवाजाच्या डाव्या तोंडाला घुमारा काढता तसा घुमारा तो आतल्या हाताने काढतो. आणि मजा सांगते. आपल्या गड्डा यात्रेच्या मिरवणुकीत हलगीवाले मधूनमधून कागद पेटवून हलगी शेकतात ना, तर या आजोबांच्या खिशात पाण्याची फवारणीची बाटली! पबमध्ये हीटर लावले की कातडं ताणून बसतं, म्हणून हे त्याला पाणी मारतात. एका वेळी एकच बोराँ वाजवायचा, अशी इथली शिस्त आहे. दुसरा माणूस बोराँ घेऊन आला तर तो गुपचूप मांडीवर घेऊन आपली पाळी येईपर्यंत बसतो. हे आपल्या मंडळात लागू केलं असतं तर टाळांवरून झालेली निम्मी भांडणं वाचली असती.

तासाभरात मला हळूहळू उमगायला लागलं. एक चाल दोन भागांची असते. प्रत्येक भाग दोनदा, अशी अख्खी चाल दोन-तीनदा वाजते, आणि मग न थांबता दुसरीत उडी. कधी उडी मारायची ते कोणीतरी नुसतं मान वर करून, नाहीतर "हुप्" म्हणून सांगतो. समोर कागद कोणाच्याच नाही. ज्याला चाल येत नाही तो वाद्य मांडीवर ठेवून ऐकतो. त्यात कमीपणा नाही. आणि बाबा, चालींच्या जाती असतात. जिग म्हणजे सहाची चाल, तिला आपला दादरा सरळ बसतो. रीलला केरवा. एक नऊची पण असते, तीन-तीन-तीन अशी. त्यात तुम्हाला मजा येईल, मी तर दोनदा समेला चुकले.

समेला चुकले म्हणजे, मी मांडीवर हात चालवत होते. नकळत. कोपऱ्यातल्या बोराँवाल्या आजोबांनी ते हेरलं. चाल संपल्यावर म्हणाले, "काय वाजवतेस?" मी म्हटलं, काही नाही, वडील वाजवतात. "बोलून दाखव." मग मी दादऱ्याचे बोल म्हटले, धा धी ना, धा ती ना. आजोबांनी दोनदा म्हणायला लावले, तिसऱ्यांदा बरोबर म्हणाले आणि बोराँवर काढून बघितले. मग म्हणे, वडिलांचा ढोल कसा असतो? मी फोनमधला तुमचा फोटो काढला. सप्ताहातला, मारुतीच्या देवळातला, तो ज्यात तुम्ही डोळे मिटलेत आणि पिंट्या मागे नाक खुपसून बसलाय. फोटो गोलात सगळ्यांच्या हातातून फिरला. व्हायोलिनवाल्या आजींनी बोटांनी मोठा करून डाव्या तोंडावरचा पांढरा गोळा दाखवला, हे काय? मी म्हटलं, कणीक. भिजवलेली कणीक लावतो, म्हणजे आवाज खाली उतरतो, खर्जात. वाजवून झाल्यावर खरवडून काढायची. बोराँवाले आजोबा एवढे हसले की ठसका लागला. म्हणाले, "मी पाणी घेऊन फिरतो, तुझे वडील पीठ घेऊन फिरतात." आई, तुझ्या परातीतली कणीक बाबा न विचारता नेतात हेही मी सांगून टाकलं. सगळ्यांनी तुझी बाजू घेतली.

मग गप्पा वाढल्या. पाइपवाला म्हणाला, आमच्या वाद्यातल्या पात्या बोरूच्या असतात, हवा कोरडी झाली की रुसतात. मी त्याला भीमेकाठचे भोपळे सांगितले. पंढरपूरच्या बाजूला पिकलेला भोपळा वाळवून मिरजेला जातो आणि त्याची सतार, तंबोरा होतो, आणि याच वर्षी मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला सरकारचं जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, हेही. भोपळा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आपला भोपळा कसा वाजतो ते माहीत असतं का, असं त्याने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. बाबा, तुम्हाला विचारायचं होतं.

आणि मग व्हायची ती गोष्ट झाली. इथे रीत आहे की जो गातो त्याने पुढच्याला हुकूम सोडायचा, आणि ज्याच्यावर हुकूम सुटला त्याने नाही म्हणायचं नाही. बाईंनी एक संथ गाणं गायलं, साथीला काही नाही, डोळे मिटून, एका हाताने शेजारच्याचा हात धरून. अख्खा पब गप्प. लॅबमध्ये आम्हाला ओरडणाऱ्या बाई या! आणि संपवल्या संपवल्या त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

काय गाऊ? भीमपलास-बिमपलास माझ्याच्याने होत नाही. म्हटलं, आपल्याला गजर येतो. विठ्ठल विठ्ठल. पाइपवाल्याने विचारलं, कुठल्या सुरात? त्याच्या नळ्या पेटीच्या पांढरी दोन पट्टीत बांधलेल्या, त्या सुरात षड्ज धरला तर माझा गळा वर जाऊन फाटणार. तेवढ्यात तुमचं आठवलं, की गाणारा बाईमाणूस असेल तर पेटीवाल्याने पंचम धरून द्यायचा. मी पांढरी पाचचा सा लावला आणि त्याचा सूर बरोबर माझ्या पंचमावर येऊन बसला. एकदा तो बसल्यावर मग कसली भीती. आधी संथ, मग एकेक पायरी चढवत. दुसऱ्या आवर्तनापासून माणसं मागे म्हणायला लागली. त्यांचं विठ्ठल "विटल" असं येत होतं, पण लय एका मात्रेने हलली नाही. दुगुन (दुप्पट लय) केली तेव्हा आजोबांनी बोराँवर असा काही भजनी ठेका धरला की मी गाता गाता त्यांच्याकडे बघत राहिले. तो ठेका त्यांनी फक्त माझ्या टाळ्यांवरून उचलला होता. फार चांगलं गायले असं नाही, वरच्या सुराला आवाज चिरकला. कोणाला त्याचं काही नव्हतं. संपल्यावर टाळ्या थोड्या, आणि लगेच पुढची रील सुरू. मला तेच आवडलं. पाहुणीचं कौतुक करून बाजूला बसवलं नाही, पाळी आली, गायली, पुढे चला.

साडेबाराला पब बंद झाला. तुमच्याकडे तेव्हा सकाळचे सहा. देवळात काकडा उरकून तुम्ही चहाला घरी आला असाल. फोन लावायचा होता, पण बाई गाडीवाल्याला थांबवून उभ्या होत्या.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी एवढं लिहिलं.

बाबा, दादा मागच्या आठवड्यात म्हणाला की कार्तिकी झाली की गुरुवारचं भजन बंद करायचं तुमचं ठरलंय. विणेकरी आजोबा गेले, दोघं मुलांकडे पुण्याला गेले, चौघं उरलात, ऐकायला कोणी येत नाही. आणि पखवाजाची पुडी (तोंडावरचं कातडं) फाटलीय तर तो देऊन टाकावा, गिऱ्हाईक आलंय. दादा, तुझ्यावर राग नाही, तू घरातल्या अडचणीचं बोलतोस ते खरंच आहे. पण दोघंही ऐका.

काल मी गेले तेव्हा त्या गोलात तिघंच वाजवत होते. बाकीचे नंतर एकेक करून आले. चौघं म्हणजे पुष्कळ झाले की.

आणि तो पाइप, ज्याचं मी एवढं वर्णन केलं. १९६८ साली हे वाजवणारे शंभरसुद्धा उरले नव्हते. तेव्हा उरलेल्यांनी एकत्र येऊन संस्था काढली, एकमेकांकडून शिकायला आणि पोरांना शिकवायला सुरुवात केली. आज वाजवणारे हजारोंनी आहेत आणि २०१७ मध्ये युनेस्कोने हे पाइपवादन मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं. बाईंच्या क्लेअरमध्ये मिलटाउन मॉलबे म्हणून एक गाव आहे, तिथे १९७३ पासून दर जुलैत आठवडाभर सगळं गाव शाळा होतं. आपली आषाढी साधारण त्याच सुमाराला येते. दिवसा वर्ग, रात्री पबमध्ये वाजवायचं. बाई पुढच्या वर्षी मला नेणार आहेत.

ज्या पबमध्ये मी काल गायले, तिथे २०२१ साली हॉटेल बांधायचं चाललं होतं, पबच्या वर आणि भोवती, नऊ मजली. मागची वाजवायची जागा त्यात जाणार होती. तर वादक लोक वाद्यं घेऊन, खोटी तिरडी काढून, वाजवत वाजवत महापालिकेवर गेले. शेकडो माणसं. महापालिकेने परवानगी नाकारली. माझ्या शेजारचा बाकावरचा माणूस त्या मोर्चात होता, तिरडीचा एक खांदा त्याचा.

मला विचाराल तर आपल्या भजनाची माणसं टीव्हीने नेली नाहीत, भोंग्याने नेली. देवळावर कर्णा बसवला, एकाला माईक दिला, आणि बाकीचे घरी बसून ऐकायला मोकळे झाले. बाबा, तुम्हाला हे पटणार नाही, कर्णा तुमच्याच अध्यक्षपणात बसला. तरी सांगते. तो काढा. चौघंच गोल बसा, तोंडं आत करून. दार उघडं ठेवा आणि एक टाळजोडी उंबऱ्याजवळ ठेवा. कोणी आलं तर आलं. पेठेतल्या त्या तेलुगू आजी दर गुरुवारी बाहेर कट्ट्यावर बसून मान हलवतात, त्यांना आत बोलावलंय का कोणी कधी? त्यांना सगळे गजर पाठ आहेत, मी लहानपणापासून बघतेय.

पुडीचे पैसे दादाच्या खात्यात टाकलेत. दोन्ही तोंडांच्या पुड्या बदला, पुड्या ताणून धरणारी कातड्याची वादीही जुनी झालीय, तीही. पंढरपूरला जाताय ना मंगळवारी कार्तिकीला, तिथेच तो कारागीर आहे, ज्याच्याकडून मागे करून घेतलं होतं. पखवाज बरोबर न्या. गर्दी फार असेल तर पौर्णिमा झाल्यावर जा, पण जा. आणि पिंट्याला शेजारी बसवा. तो खोडकर आहे, कबूल, पण फोटोत बघा, तुमच्या हाताकडे बघतोय, कॅमेऱ्याकडे नाही. वहिनी, त्याची गुरुवारची शिकवणी अर्धा तास पुढे ढकलता येईल का? मी त्या सरांशी फोनवर बोलायला तयार आहे.

बोराँवाल्या आजोबांनी एक मागणी केलीय. भजनी ठेका आणि धुमाळी, दोन्ही, आधी हळू आणि मग चढवत, असं तुम्ही वाजवून त्यांना पाठवायचं. कणीक लावतानाचंही त्यांना बघायचंय. मी हो म्हणून बसलेय. नवी पुडी आली की लगेच करा, ते दर शुक्रवारी विचारणार, आणि माझं पुढच्या शुक्रवारी तिकडे जायचं पक्कं झालंय.

आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर मागवून घे, पैशाचा विचार करू नकोस. कडाक्याची थंडी अजून पडलेली नाही. स्वेटर रोज घालते.

सगळ्यांना नमस्कार.

तुमची,
धाकटी

ता. क. दादा, व्हिडिओ काढताना फोन आडवा धर. मागच्या वेळी नुसती बाबांची टोपी आली होती. आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, आजोबांना डावा हातच बघायचाय.